अजिंठ्यात राहिलेली सवारी

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हे मला अजिंठ्यात पोचल्यावर सोमवारीच कळलं. धंद्यातली माझी ती पहिली ट्रिप. गाडीत आमच्या गोरेगावचं भजनी मंडळ होतं. पहाटे चारला निघालो, रिसोड, मेहकर, चिखली, बुलढाणा करत, दोघांच्या उलट्या निस्तरत दहाच्या सुमाराला फर्दापूरच्या फाट्यावर पोचलो, तर एवढ्या मोठ्या पार्किंगमध्ये आमची एकच गाडी आणि सावलीला एक कुत्रं. मी मान खाली घालून उभा राहिलो. मंडळाचे बुवा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी तिथंच सतरंजी अंथरली, टाळ काढले, दीड तास भजन केलं, भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "चला रशीदभाई. लेणी न्हाई तं न्हाई, जागा झकास हाये."

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं मी हिंगोली जिल्ह्यातल्या माणसांना अजिंठा दाखवला. आता गुडघे गेले, गाडी विकली. सेनगाव तालुक्यातले इतर गाडीवाले लग्नाच्या वऱ्हाडावर आणि बाजाराच्या सवारीवर जगतात. मीही त्याच्यावरच जगलो. पण हिवाळ्यात, सोयाबीन घरात येऊन पडलं आणि हरभरा अजून शेतात आहे, अशा महिना-दीड महिन्याच्या मोकळ्या दिवसांत लोकांना कुठं तरी जावंसं वाटतं. एका दिवसात जाऊन परत यायचं, मुक्कामाची भानगड नको, म्हशीचं दूध कोण काढणार ही काळजी नको. त्या लोकांसाठी मी लेण्यांची ट्रिप लावली. 'रशीदची लेणी' असं लोक म्हणायचे, जणू काही माझ्या आज्यानेच ती कोरून ठेवली होती. एकाने मला तोंडावर विचारलंही, "भाई, तुमी मुसलमान, अन् ही लेणी बुद्धाची. तुमाला काहून एवढी गोडी?" मी म्हणालो, "मालक, डिझेल माझं जळून राहिलं. गोडी तेवढीच." हे पूर्ण खरं नव्हतं, पण त्याला पुरलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली गाडी फाट्यावरच लावावी लागते. तिथून पुढं चार किलोमीटर त्यांच्या बसने जायचं. दोन्ही बाजूंना जंगल, खाली वाघूर नदी, आणि नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय त्या उभ्या कड्यात ओळीने लेणी. पायऱ्या चढून गेलं की एक नंबरपासून सव्वीसपर्यंत कड्याच्या पोटातून सरळ वाट. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाले आहेत, खुर्चीला दांडे बांधून चौघं जण उचलून नेतात. आत अंधार असतो आणि गारवा, वटवाघळांचा वास येतो. उजेडातून आत गेलेल्या माणसाला पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. त्या दोन मिनिटांतच बहुतेक लोक बाहेर येतात आणि "काही न्हाई आत" म्हणतात. माझं काम त्यांना दारात अडवायचं आणि सांगायचं, थांबा, डोळ्यांना जरा सवय होऊ द्या.

बाकीचे गाडीवाले खाली पार्किंगमध्ये सीट मागे करून झोपायचे. मी वर जायचो. कारण साधं होतं. सतरा सीटची गाडी म्हणजे सतरा सवाऱ्या, आणि लेण्यांत माणसं सांडतात. एक फोटो काढत मागं राहतो, एक बाई माकडाला शेंगा चारत बसते, एक म्हातारबा सावली दिसली की आडवा होतो. त्यांना गोळा करायची माझी एक रीत होती. रंगीत चित्रांच्या लेण्यांत चपला काढूनच जावं लागतं, आणि आमच्याकडची माणसं तर, नियम असो नसो, मूर्ती दिसली की चपला काढतातच. म्हणजे प्रत्येक लेण्याच्या दारात आमच्या चपलांचा ढीग. मला गावच्या चपला ओळखू यायच्या. आत किती माणसं, कोण राहिलं, हे अंधारात शिरून शोधायची गरज नाही. दारात आपल्या चपला नाहीत, म्हणजे आत आपला माणूस नाही. इतक्या वर्षांत ही रीत मला एकदाच नडली. ते पुढं येतं.

गिऱ्हाइकं नाना परीची. साखऱ्याचे एक पाटील होते, ऐंशी एकरांचे मालक. गाईडने त्यांना पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व दाखवला, कमळ दाखवलं, मुकुट दाखवला. पाटील मान वर करून छताकडे बघत होते. मग त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकली, खांबांच्या मधलं अंतर टाकलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रशीद, हितं सोयाबीन किती कट्टे बसंल?" मी म्हणालो, अंदाज नाही. "पाच हजार कुठं गेले न्हाईत. ओल न्हाई, उंदीर न्हाई, पत्रा तापायची कटकट न्हाई. राजानं गोदाम झकास काढलं होतं, भिक्षू लोकांनी अडवून ठेवलं." पुढच्या प्रत्येक लेण्यात त्यांनी असाच हिशेब लावला. परत येताना ते सगळ्यात खूष होते. चित्रं पाहणाऱ्यांना डोकेदुखी झाली होती.

दुसरे आखाडा बाळापूरचे रामराव. गोरेगावला लेकीकडे आले होते आणि जागा रिकामी होती म्हणून गाडीत बसले. सगळी हयात विहिरी खोदण्यात गेलेली. त्यांना चित्रं दाखवायला नेलं तर आले, बघितलं, बाहेर पडले. पण चोवीस नंबरचं लेणं अर्धवट सोडलेलं आहे, खांब पुरते सुटलेले नाहीत, जमीन खडबडीत. तिथं हा माणूस जो बसला तो उठेना. छिन्नीच्या खुणांवरून बोटं फिरवली, दगडाला कान लावून ठोकून पाहिलं. मग मला म्हणाला, "हे वरून खाली आलेत. आधी छत, मंग खांब, मंग जमीन. पायाड, परांची लागलीच न्हाई ह्यांना." मी गाईडच्या तोंडून हे शंभरदा ऐकलं होतं, पण याने ते दगडाकडून ऐकलं. मग त्याने विचारलं, "एवढा मलबा काढला तो टाकला कुठं?" आणि उत्तराची वाट न बघता कठड्यावरून खाली वाकून म्हणाला, "बराबर. नदीला देला." मी विचारलं, हे अर्धं काहून सोडलं असेल? रामराव उठत म्हणाले, "मुकादम मेला असंल. अन् दुसऱ्याला पयल्याचं काम उरकायला आवडत न्हाई."

अशी माणसं भेटली म्हणून मी वर जात राहिलो. आता ज्या ट्रिपला ती चपलांची रीत मला नडली, ती सांगतो.

गोरेगावच्या बायकांचा एक बचत गट होता. चार-पाच वर्षांमागची गोष्ट. त्यांनी पौष पौर्णिमेची ट्रिप ठरवली. सोळा बायका, आणि सतराव्या गिरजामावशी. गिरजामावशी गटात नव्हत्या, पण त्यांच्या दोन्ही सुना होत्या, थोरली कुसुम आणि धाकटी सविता. सीट उरत होती म्हणून सासूला घेतलं.

या घराची एक व्यवस्था होती, ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मावशींचा नवरा गेल्यावर दोघा मुलांनी शेत वाटून घेतलं, बैल वाटले, आणि आई महिन्याच्या पाळीने वाटून घेतली. पुनवेला पाळी बदलायची. एका पुनवेपासून दुसऱ्या पुनवेपर्यंत थोरल्याकडे, पुढची पुनव धाकट्याकडे. घरं एकाच गल्लीत, मध्ये पाच-सात दारं. भांडण नव्हतं, कुणी म्हातारीला उपाशी ठेवत नव्हतं. दोघी सुना पाळीच्या बाबतीत काटेकोर होत्या, इतकंच. असं आमच्याकडं पुष्कळ घरांत चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

ट्रिप पुनवेची. म्हणजे नेमका पाळी बदलायचा दिवस. परत यायला उशीर होणार म्हणून कुसुमने आदल्या संध्याकाळीच सासूचं गाठोडं सविताच्या घरी पोचतं केलं. मावशी रात्री झोपल्या मात्र थोरल्याकडेच. पहाटे गाडीत चढताना त्या अनवाणी दिसल्या. मी विचारलं, "मावशी, चपला?"

"गाठोड्यात बांधल्या पोरीनं. त्या तिकडच्या घरी गेल्या, मी हिकडच्या घरी राहिले," मावशी म्हणाल्या.

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. कुसुम जराशी ओशाळली आणि सासूला म्हणाली, "आत्या, आणून देते ना पळत." पण धाकट्याचं दार बंद होतं, सविता कधीच येऊन गाडीत बसली होती, आणि मला निघायची घाई. मावशी म्हणाल्या, राहू दे, जन्म गेला अनवाणी. आणि मागच्या लांब सीटवर चादर ओढून आडव्या झाल्या.

दिवस चांगला गेला. बायकांनी प्रत्येक लेण्यात मूर्तीपुढं हात जोडले, एकमेकींचे फोटो काढले, दगडमाळा विकणाऱ्यांशी घासाघीस केली. मावशी सगळ्यांच्या मागून सावकाश चालत होत्या. डोली करतो म्हणालो तर नको म्हणाल्या. शेवटचं सव्वीस नंबरचं लेणं. त्यात बुद्धाची निजलेली मोठी मूर्ती आहे, शेवटच्या क्षणाची, आणि खाली त्याचे शिष्य रडत बसलेले. बायका आत बराच वेळ थांबल्या. मग एकेक जण बाहेर आली. मी दारात पाहिलं. आपली चप्पल एकही नाही. म्हणजे आत कुणी नाही. मी पुढं होऊन "चला चला, बस सुटंल" म्हणत त्यांना पायऱ्या उतरवल्या.

खाली बसमध्ये परक्या माणसांची गर्दी, आमच्या बायका दोन बसमध्ये विभागल्या. फाट्यावर गाडीत चढताना एकीला मळमळून आलं, दुसरीची पिशवी दगडवाल्याकडे राहिली म्हणून ती मागं पळाली. या धांदलीत मी नेहमीसारखा ओरडलो, "सगळ्या आल्या का?" मागून सतरा तोंडांचा वाटावा असा आवाज आला, "व्हय." मागच्या सीटवर चादरी, पिशव्या, स्वेटर यांचा ढीग पडला होता. सकाळी तिथं मावशी झोपल्या होत्या. कुसुम पुढच्या रांगेत बसली होती, तिला वाटलं आत्या मागं सविताजवळ. सविता मधल्या रांगेत होती, तिला वाटलं आत्या जाऊबाईजवळ. आणि दोघींच्याही मनात, हे मी नंतर लावलेलं गणित आहे, आजचा दिवस आपला नव्हता. थोरलीची पाळी काल संपली होती. धाकटीची घरी पोचल्यावर सुरू होणार होती.

अजिंठ्याचा घाट चढून आम्ही बुलढाण्याच्या अलीकडे चहाला थांबलो. निघून सव्वा तास होऊन गेला होता. माझ्यासकट अठरा चहा सांगितले. हॉटेलवाल्याने दोन ताटांतून ग्लास आणले, बायका गाडीभोवती उभ्या राहून प्यायला लागल्या. एक ग्लास ताटात उरला. मला वाटलं कुणी तरी झाडामागं गेली असेल. कुसुमने ताटाकडे पाहिलं, तो ग्लास उचलला आणि म्हणाली, "हा आत्याचा. आत्या उठल्या न्हाईत का?" ती ग्लास घेऊन गाडीत चढली. मागच्या सीटवरची चादर उचलल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. मग ती दारात आली. ग्लास तसाच हातात, चहा साडीवर सांडत होता आणि तिला कळत नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, आत्या न्हाईत."

मी माणूस मागं ठेवला होता. हे मी सरळ लिहितो, कारण धंद्यात असली फुशारकी मीच मारायचो, रशीदने कधी माणूस मागं ठेवला नाही. सत्तरीची बाई, पायात काही नाही, जवळ फोन नाही, आणि सभोवती जंगल. पाच वाजले की लेणी बंद होतात. त्या वेळी सव्वातीन वाजले होते. मी गाडी वळवली. इतक्या वर्षांत मी घाट कधी असा उतरलो नव्हतो आणि नंतरही उतरलो नाही. सविता मोठ्याने रडत होती, नवरा जीव घेईल म्हणत होती.  कुसुम प्रत्येक वळणाला सीटचा दांडा धरून पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती, जणू सासू समोरून चालत येणार होती.

मावशी सापडल्या त्या खाली, बस सुटते तिथं, डोलीवाल्यांच्या घोळक्यात. खुर्चीच्या डोलीवर ऐटीत बसल्या होत्या, ओटीत फुटाणे होते. डोलीवाल्यांनी त्यांना वरून उचलून आणलं होतं आणि पैसे काही घेतले नव्हते. त्यातला एक मला म्हणाला, "आजी म्हने, बसा निवांत, येतीन. आमी म्हनलं, आजी, गाडी लांब गेली असंल. तं म्हने, पाहू कव्हा येतेत."

कुसुम आणि सविता दोघी त्यांच्या पायाशी बसल्या. सविताने गळा काढला. कुसुमने पदराने मावशींचे पाय पुसले. तळव्यांना फोड आले होते.

परतीला मी मावशींना माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. घाट चढून वर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं.  मी हळूच म्हणालो, "मावशी, हाक तरी मारायची."

"मारली असती," त्या म्हणाल्या. "त्या निजलेल्या देवाच्या पायाशी, खांबाआड टेकून बसले होते. डोळा लागला जरासा. बाहेर आले तं तुमी समदे पायऱ्या उतरून राहिले. दिसून राहिले मला. तुमची टोपी बी दिसली."

"मग?"

"मंग काय. म्हनलं, पाहू तरी. कोनाच्या ध्यानात येते."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. इंजिनाचा आवाज होता, पण गाडीतल्या सगळ्या बायका गप्प होत्या, त्यामुळे प्रत्येकीला ऐकू गेलं असणार.

मावशींनी माझ्याकडे मान वळवली. "मंग? कोनाच्या ध्यानात आलं, रशीद?"

मला उत्तर माहीत होतं. ते एका नावाचं उत्तर होतं. पण मी गाडीवाला माणूस, पुढचं वळण आधी बघतो. मी विचार केला: आज पुनव. आजपासून म्हातारी धाकटीच्या दारात जाणार. सविता भेदरलेली, नवऱ्याच्या धाकाने अर्धमेली. उद्यापासूनचा महिना मावशींना त्या घरात काढायचाय. कुसुमचा महिना तर झाला, तिला आता एका चांगल्या शब्दाची गरज नाही. एवढा हिशेब मी दोन टेकड्यांच्या मध्ये केला आणि म्हणालो, "सविताच्या. चहाचा ग्लास उरला, तर तिनंच वळखलं."

मागून कुणी ते खोडलं नाही. पंधरा बायकांनी खरं काय ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं असेल की रशीदभाऊचं काही तरी कारण असेल. आरशात मला कुसुम दिसली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. सविताने मान खाली घातली. मावशींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग म्हणाल्या, "धाकलीच्या. बरं झालं." आणि डोळे मिटून घेतले.

फोनवरून बातमी आधीच पोचली होती, दोघे मुलगे गावाच्या फाट्यावर वाट बघत उभे होते. माझी कॉलर धरली गेली, त्याचं मला वाईट वाटलं नाही. ती धरायलाच पाहिजे होती.

पुढं असं झालं. सविताने त्या महिन्यात म्हातारीला फुलासारखं जपलं. फुकट मिळालेलं श्रेय माणूस कधी कधी कमावलेल्यापेक्षा जास्त सांभाळतो. पुढची पुनव आली, कुसुम गाठोडं न्यायला गेली, तर मावशी म्हणाल्या, राहू दे, हितंच बरं आहे. त्याच्या पुढच्या पुनवेलाही तेच. पाळी मोडली ती कायमची. गावात बोललं जायला लागलं की धाकटीला सासूची माया, थोरलीला नाही, अजिंठ्याला काय झालं ठाऊक आहे ना. गटातल्या बायकांना खरं ठाऊक होतं, पण गावात खऱ्याला पाय फुटत नाहीत. थोरल्याने बायकोला ऐकवलं, "आई तुझ्यामुळं तोंड फिरवून बसली." हे मला कळत होतं. आणि मी काय केलं असेल? मी दुसऱ्या गाडीवाल्यांना चहा पिताना ही गोष्ट रंगवून सांगायचो की कसं एका शब्दाने मी एका म्हातारीचं म्हातारपण सुखाचं केलं. मला खरंच तसं वाटत होतं. त्या ट्रिपनंतर महिन्याच्या पाळीला मी नावं ठेवायला लागलो होतो, पण गाडीत बसून मीही पाळीचाच हिशेब केला होता, आज कुणाची आणि उद्या कुणाची. हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

मावशी मागच्या वर्षी गेल्या, सविताच्याच घरी, झोपेत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो. ओसरीवर माणसं बसली होती. सविता आत रडत होती, तिच्याभोवती बायका होत्या. कुसुम तांब्या आणि पेले घेऊन आल्या-गेल्याला पाणी देत होती. धाकटीच्या घरात पाहुण्यासारखं काम करत होती. माझ्यापुढं आली, पेला भरला आणि तो हातात देताना खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तो गिलास मी उचलला होता."

मी म्हणालो, "व्हय ताई."

ती काही विचारत नव्हती, पण मला उत्तर द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "चुकलं माझं. मावशी होत्या तव्हाच येऊन सांगायला पाहिजे होतं मी."

"मी सांगणार होते," कुसुम म्हणाली. "लई दिवस मनात होतं. तोंडावर आलं होतं दोन-तीनदा." मग तिने आत, सविता रडत होती तिकडे पाहिलं. "पन म्हनलं, आत्याला गोड लागून राहिलं हितं. मी सांगितलं तं त्यांना हितं बी गोड लागनार न्हाई, अन् माझ्याकडं बी येववनार न्हाई."

पेला माझ्या हातात तसाच होता. मी पाणी पिईपर्यंत ती थांबली, रिकामा पेला घेतला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला पाणी विचारलं.